उजवीकडून डावीकडे

पाटी रंगवताना मी शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करते. मी डावखुरी. एनॅमल रंग लवकर वाळत नाही, त्यामुळे डावीकडून लिहीत गेले तर आधीच्या ओल्या अक्षरांवरून माझाच हात फिरेल. म्हणून खडूची आखणी झाली की मी पाटीच्या उजव्या टोकाला स्टूल ठेवते आणि मागं सरकत सरकत पहिल्या अक्षराशी पोचते. भर रस्त्यावर काम असलं की बघे थांबतात. आधी 'र' दिसतो, मग 'डार', आणि 'भां' उमटेपर्यंत शेजारच्या चहाच्या गाड्यावर पोरांच्या पैजा लागलेल्या असतात. मला हे आवडतं. उलटं रंगवता येतं कारण सगळी पाटी खडूत आधीच झालेली असते. ब्रश फक्त तिच्यावरून जातो.

आमचं काम म्हणजे खरं तर ही आखणीच. पत्र्याला रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की पॉलिश पेपरनं घासणं, मग जमिनीच्या रंगाचे दोन हात, हे कुणीही निगुतीनं शिकेल. पुढं दोरी येते. सुताची दोरी खडूच्या भुकटीत चोळायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायची. पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उठते. ती शिरोरेखा. आमची लिपी या रेघेला लोंबते, त्यामुळे ही रेघ चुकली तर खालचं काहीही सावरत नाही.

त्यानंतर जागेची वाटणी. आठ फुटांच्या पाटीत सहा अक्षरं आहेत म्हणून आठाला सहानं भागलं, की पाटी बिघडलीच म्हणून समजा. 'र' अंगानं बारीक, 'क्ष' आणि 'ण' ऐसपैस. 'ट', 'ठ', 'ढ' गोल पोटाचे. त्यांना इतरांच्या बरोबरीनं उंची दिली तर डोळ्याला ते आखूड वाटतात, म्हणून खालच्या रेघेच्या बोटभर खाली उतरवायचे. दोन उभे दंड शेजारी आले की त्यांच्यात जास्त हवा लागते आणि दोन पोटं शेजारी आली की कमी. 'रा' म्हटलं की 'र'च्या पुढं आपोआप एक मोकळा चौकोन पडतो, तो कुणीतरी भरून काढावा लागतो, बहुतेक वेळा पुढच्या अक्षरानं. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार यांची दाटी आणि खाली उकार. हे सगळं मापून करता येत नाही. रस्ता ओलांडून पलीकडं जायचं, डोळे किलकिले करून बघायचं आणि परत येऊन ओल्या फडक्यानं अर्धी आखणी पुसायची. आबा म्हणजे माझे वडील म्हणायचे, "पाटी हाताच्या अंतरावरनं काढायची आणि रस्त्यापलीकडनं वाचायची. दोन्हीकडं तूच पाहिजेस."

आबा कोल्हापुरातले पेंटर. या गावात हा शब्द नुसता धंद्याचा नाही, त्याला मान आहे, आणि त्याचं कारण बाबुराव पेंटर. मेस्त्री घराण्यातल्या या माणसानं (1890–1954) चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटकांचे पडदे रंगवले, कॅमेरा स्वतः बनवला, 1920 साली 'सैरंध्री' काढला, स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः केली, आणि आडनाव म्हणून पुढं राहिलं ते 'पेंटर'च. आबा त्यांच्या वाटेचे नव्हते. आबांचं काम दुकानाच्या पाट्या, तालमींच्या भिंती, शाळांवरची बाराखडी, निवडणुकीचे दिवस आले की चिन्हं, आणि दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. तरीही रस्त्यातून जाताना कुणी "काय पेंटर!" अशी हाक दिली की त्यांची मान ताठ व्हायची.

माझा डावा हात घरात आणि शाळेत दोन्हीकडं नकोसा होता. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो, पण पहिलीच्या वर्गात ते कुणी सांगत नव्हतं. बाईंची पट्टी बोटांवर बसायची. देवळात प्रसादाला डावा हात पुढं झाला की आई मनगट धरून तो मागं घ्यायची. ती रागानं करत नसे. सासरी मुलीला बोलणी बसतील, एवढीच तिची धास्ती. हळूहळू मी उजव्या हातानं लिहायला शिकले. आजही वहीत, बँकेच्या फॉर्मवर, हिशोबात माझं अक्षर उजव्या हाताचं आहे. स्वच्छ आहे, सरळ आहे आणि वर्गातल्या पन्नास जणींसारखं आहे.

ब्रश मात्र डाव्याच हातात गेला, कारण तो हातात दिला तेव्हा कुणी शिकवत नव्हतं. आबांनी अक्षरांची कड काढायची आणि पोट भरायचं काम माझ्याकडं, असं चाललं होतं. सुट्टीतलं, वेळ घालवायचं काम. एकदा ते चहा पिऊन आले आणि मागं उभे राहिले. मी हात बदलायला गेले. त्यांनी विचारलं, "का बदललास?" मी म्हटलं, बाई मारतात. ते म्हणाले, "पाटी वाचणाऱ्याला हात दिसत नाही. रेघ सरळ आली का, तेवढं दिसतं. चालू दे." एवढंच. पण त्यानंतर नुसतं भरण्याचं काम संपलं आणि शिक्षण सुरू झालं. जुन्या पत्र्यावर उभे दंड, नुसते दंड. वरून खाली एका श्वासात, जाडी जराही न बदलता. पत्रा भरला की घासलेटनं पुसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मग आडवी रेघ, मग 'व'चं पोट. फ्लॅट ब्रशचा केस पत्र्यावर किती दाबला की किती पसरतो, हे बोटांना कळायला लागतं तेव्हा मजा सुरू होते. रंगात टर्पेंटाइन किती, तेही हवेवर. दुपारच्या उन्हात पत्रा तापला की रंग ब्रशच्या मागं ओढला जातो आणि पावसाळ्यात तो तासन् तास चिकटच राहतो. संध्याकाळी ब्रश घासलेटमध्ये धुऊन, केसांना तेल लावून आडवे ठेवायचे. उभा ठेवला की वाकला. हे मी आजही आबांच्या पद्धतीनंच करते.

डाव्या हाताबद्दलची एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती कळल्यावर मी हरखून गेले. बोरूचं टोक थोडं रुंद असतं. त्याची धार ज्या दिशेला झुकलेली, त्या दिशेनं ओढलेली रेघ बारीक येते आणि तिला आडव्या जाणाऱ्या दिशेनं जाड. उजव्या हातात सरळ छाटलेला बोरू धरला की जाड-बारीकचा जो मेळ येतो तो रोमन अक्षरांचा. देवनागरीचा मेळ बरोबर उलटा आहे. जुन्या पोथीतला 'ठ' किंवा 'व' नीट बघा: पोटाला वर डावीकडं आणि खाली उजवीकडं जाडी, उरलेल्या दोन कोपऱ्यांत रेघ नाजूक. म्हणून उजव्या हाताच्या लेखकासाठी देवनागरीचा बोरू उलट्या तिरकसात छाटावा लागतो. एका सुलेखन शिबिरात मला असा छाटलेला बोरू मिळाला आणि अक्षर बसेना. शेवटी मी सरळ छाटलेला बोरू घेऊन डाव्या हातात धरला, तर न वळवता, न झगडता पोथीतली जाडी कागदावर उतरली. डावा हात खालून डावीकडून येतो, त्यामुळे देवनागरीला हवा तो तिरकस त्याला आपोआप मिळतो. ज्या हातावर पट्ट्या खाल्ल्या तो हात या लिपीला जन्मजात जुळणारा होता. त्या दिवशी घरी येऊन मी आईला कागदावर काढून दाखवलं. तिनं बराच वेळ 'ठ'वरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मग बाईंना कसं कळलं नाही गं?"

प्रश्न मात्र तिथं संपत नव्हता. गूळ मार्केटातल्या एका व्यापाऱ्याची पाटी होती, पाडव्याला लावायची. आबांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते, परांचीवर मी होते. सगळी पाटी झाली. वर मधोमध 'श्री' राहिला होता. शेठ खालून म्हणाले, "श्री तेवढा उजव्या हातानं काढ, पोरी. शुभकार्य आहे." मी आबांकडं बघितलं. आबा शांतपणे म्हणाले, "शेठ, उजव्या हातानं तिला श्री येत नाही. येतो तो या हातानं. तो नको असंल तर पाटी श्रीशिवाय न्या, पैसे तेवढे कमी करतो." शेठ गप्प बसले. त्या 'श्री'ला मी जितका वेळ दिला तितका आजवर दुसऱ्या कुठल्या अक्षराला दिला नसेल. 'श'चा देठ, त्यातून उतरणारी 'र'ची तिरकी काडी, वर मोठी कमान टाकून दंडावर येणारी वेलांटी. पाडव्याला शेठनी पेढे पाठवले, आबांच्या नावानं नाही, माझ्या नावानं. त्यांच्याशी आमचं पुढं कितीतरी वर्षं काम चाललं. त्यांनी तो विषय परत काढला नाही आणि मीही नाही.

आपलं वळण कसं येतं याबद्दल पुष्कळ बोललं जातं. स्वतःची शैली शोधा, वेगळं काहीतरी करा, असं तरुण मुलामुलींना सांगतात. मला हा सल्ला पटत नाही. मी तर वर्षानुवर्षं दुसऱ्यांची अक्षरं गिरवली. आबांकडं हिशोबाचं एक जुनं बाड होतं, त्यात वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती कापून डकवलेल्या होत्या. त्यातल्या बहुतेक कमल शेडगे यांच्या (1935–2020). त्यांच्या हातातलं नाटकाचं नाव वाचायच्या आधीच सांगायचं की नाटक हसवणारं आहे की अंगावर काटा आणणारं. ती अक्षरं मी ट्रेसिंगवर उतरवली, मोठी केली, उलटी करून बघितली. ती जशीच्या तशी यावीत म्हणून जीव टाकला. त्यातून पुढं मला उपयोगी पडली ती त्यांची वळणं नव्हेत. अक्षराला धक्का द्यायचा तो कुठं द्यायचा आणि कुठं हातही लावायचा नाही, हे त्यातून कळलं. 'क' कितीही नाचवा, त्याचा दंड ढळला की तो वाचता येत नाही.

माझं वळण मला दुसऱ्यानंच दाखवलं. ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये हंगामाच्या आधी आम्ही दोघं काम करायचो, आबा एका ट्रॉलीवर, मी दुसरीवर. अक्षरं मी त्यांचीच शिकले होते, खडूची आखणीही बऱ्याचदा त्यांचीच. तरी तिथले मिस्त्री लांबून ओळखायचे. एकदा मी विचारलं, कसं काय? ते म्हणाले, "तुझी वेलांटी बसकी असती आणि शेवटाला जरा उचलती. पेंटरची गोल असती." मी दोन्ही ट्रॉल्यांकडं आलटून पालटून बघितलं आणि खरंच होतं. मग कारणही कळलं. आबा उंच, वेलांटी त्यांच्या खांद्याच्या रेषेत येते, मनगट मोकळं फिरतं. मी बुटकी. स्टुलावर उभी राहिले तरी वरच्या मात्रा मी खालून, हात ताणून काढते. त्या ताणात कमान चपटी होते आणि शेवटी हात खाली आणायच्या आधी ब्रश जरा उडतो. मी ते कधी ठरवलं नव्हतं. आबांची वेलांटी आणायचाच प्रयत्न करत होते. ती आली नाही ती माझ्या उंचीमुळं. तेव्हापासून ती दुरुस्त करायचं मी सोडून दिलं.

पुढं फ्लेक्स आला. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तो आमच्या गल्लीपर्यंत पोचला आणि बघता बघता सगळं बदललं. सकाळी सांगा, संध्याकाळी घेऊन जा, आणि वर मालकाचा फोटो. आम्ही एका पाटीला तीन-चार दिवस घेणार. हिशोब सरळ होता. गिऱ्हाइकाला दोष देण्यात अर्थ नाही. आबांच्या ओळखीच्या पेंटरांनी रिक्षा घेतल्या, कुणी फ्लेक्सचं मशीन घेतलं, कुणी गवंड्याच्या हाताखाली घरं रंगवायला लागलं. गाड्यांच्या नंबरप्लेटचं बारीकसारीक काम चालू होतं, तेही 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच प्लेट यायला लागल्यावर आटलं. आम्हाला उसानं तारलं. ट्रॉलीवर फ्लेक्स टिकत नाही: मोळ्यांचं घासणं, चिखल, कारखान्याच्या रांगेतलं ऊन. तिथं लोखंडावर एनॅमलच लागतो. 2022 साली दुकान कायद्यात दुरुस्ती होऊन लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना मराठी पाटी आणि तिचं अक्षर इतर लिप्यांपेक्षा लहान नको, असं बंधन आलं. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत बरेच फोन आले. बहुतेकांना अ‍ॅक्रिलिकची, आतून दिवा लागणारी अक्षरं हवी होती, पण काहीजण हातानं रंगवून घ्यायला आले आणि ते अजून येतात.

फ्लेक्सवर माझा राग आहे तो पोटापाण्यापेक्षा 'ल'साठी जास्त. कितीतरी वर्षं संगणकावर जे फॉन्ट फुकट मिळायचे त्यातला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. सरकारनं पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण धरला तरी छापणारे आधी होतं तेच छापत राहिले. दोन पाकळ्या एकमेकींना टेकलेला आपला 'ल' माझ्या डोळ्यांदेखत बाजारपेठेतून दिसेनासा झाला. शाळेच्या भिंतीवर बाराखडी काढते तेव्हा मी हा 'ल' मुद्दाम मोठा काढते. एका शिक्षिकेनं विचारलं, ओळीबाहेर कसा गेला? मी सांगितलं, मुलांच्या नजरेत भरावा म्हणून. त्यांनी तो तसाच राहू दिला.

आता जे गिऱ्हाईक माझ्याकडं येतं ते बहुधा काहीतरी मनात घेऊन येतं. कागलकडचे एक शेतकरी नवी ट्रॉली घेऊन आले. मागच्या फळीवर 'आईचा आशीर्वाद' लिहायचं होतं, ते तर मी डोळे मिटूनही लिहीन. त्यांनी खिशातून घडी घातलेला वहीचा कागद काढला. त्यांची आई उतारवयात अक्षरं शिकली होती, तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. हेच काढा, म्हणाले. मी कागद सरळ करून बघितला. शिरोरेखा प्रत्येक अक्षराला वेगळी दिलेली, एकमेकींना न भिडणारी. 'ई'चा रफार जोर लावून काढलेला. 'चा'चा काना बाकीच्यांहून लांब, 'द' थोडा मागं कलंडलेला. अक्षरागणिक पेन थांबल्याच्या खुणा, शाईचे ठिपके. माझ्या हाताला सगळं नीट करायची सवय. पहिल्यांदा आखणी केली ती नकळत सुधारूनच झाली, दंड उभे, अंतरं सारखी, आणि कागदावरच्या बाईचा त्यात मागमूस राहिला नाही. पुसलं. मग कागदावर चौकटी पाडल्या, फळीवर त्याच पटीत मोठ्या पाडल्या आणि चौकटीगणिक उतरवत गेले, 'द'चा कल तेवढाच, शाईचे ठिपकेसुद्धा. शेड दिली नाही, दुसरा रंग नाही. पिवळ्या फळीवर नुसता लाल. ट्रॉली न्यायला ते आईला घेऊन आले. म्हातारीनं जवळ येऊन बघितलं, मुलाला म्हणाली, "ह्ये मी लिवलंय की रं," आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "पर तुज्या हातानं."

गेल्या वर्षी पुण्याहून एक तरुण मुलगा आला, फॉन्ट बनवणारा. माझ्या अक्षरांचा फॉन्ट करू, म्हणाला. मी आधी नको म्हटलं. फॉन्टशी माझं वैर नाही. आपण संगणकावर इतकी वर्षं मराठी वाचली ती 'मंगल'मध्ये, आणि तो र. कृ. जोशींच्या हातचा, म्हणजे मुळात बोरू चालवणाऱ्या माणसाचाच. माझी अडचण वेगळी होती. पाटीवर माझं कुठलंच अक्षर दोनदा सारखं येत नाही, आणि ते चुकून होत नाही. 'बाबा' लिहिताना दुसरा 'बा' मी जरा रुंद करते, कारण ओळ तिथं संपते. 'लाल'मधला पहिला 'ल' पुढच्या कान्याला जागा द्यायला पाकळ्या मिटतो, शेवटचा उघडतो. फॉन्टमध्ये एकदा काढलेला 'ल' सगळीकडं तोच. त्या मुलानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की आता एका अक्षराची अनेक रूपं ठेवता येतात, शेजारी कोण आहे ते बघून फॉन्ट स्वतः रूप बदलतो. पहिल्या वेलांटीच्या कमानी तर अक्षराच्या रुंदीप्रमाणं वेगवेगळ्या ठेवाव्याच लागतात.

मग मी बसले. सध्या आठवड्यातून दोन दुपारी आम्ही तेच करतो. तो लॅपटॉप घेऊन येतो, मी जुन्या पत्र्यावर ब्रशनं काढते, तो फोटो घेतो. त्याला वाटलं होतं मी कागदावर काढीन. कागदावर माझा हात उजवा आहे, हे त्याला समजावून सांगावं लागलं. वेलांटीसाठी त्यानं पत्रा टेबलावर ठेवला होता. तो मी उचलून भिंतीला वर टांगायला लावला, हात ताणल्याशिवाय ती बसकी कमान येत नाही म्हणून. 'ल'ची चार रूपं झाली आहेत, 'श'ची तीन. 'र्थी', 'र्वी', 'र्मी' यांतला रफार अजून वेलांटीला जाऊन धडकतो. पुढच्या मंगळवारी तेवढंच काम घेऊन बसायचं, असं ठरलंय.